दिवाळ्याची सहल, सईला वगळून

बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळी गावाला जायचं ठरवलं ते निव्वळ रागाच्या भरात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी पाच वर्षांची सई नेरुळच्या एका बालवाडीत होती. पोलिओमुळे पायाला कॅलिपर, त्यामुळे प्रवेश देतानाच शाळेने उपकाराची भाषा केली होती. शाळेची सहल दिवाळ्याच्या जेटीवर जाणार होती. आदल्या दिवशी बाईंनी मला थांबवलं. "सईची आई, उद्या तिला नका पाठवू. जेटीवर तिला कोण सांभाळणार?" मी बरोबर येते म्हटलं, तर पालकांना परवानगी नाही म्हणाल्या.

बरं, म्हटलं. जेटी काही शाळेच्या मालकीची नाही.

सकाळी सईने युनिफॉर्मच घालायचा हट्ट धरला. बेलापूरवरून रिक्षाने दिवाळे गावात शिरलो. तुम्ही जाणार असाल तर भरती बघून जा, ओहोटीला नुसता चिखल दिसतो. खाऊ-पाणी घरूनच न्या. तेव्हा तरी तिथे चहाची एक टपरी होती, बाकी सगळीकडे सुकत घातलेली मासळी आणि तिचा वास. सई होड्यांचे रंग मोजत बसली. मला मात्र काही गोड लागत नव्हतं.

जवळा पसरणाऱ्या एका मावशींनी तिचा युनिफॉर्म पाहिला. "शालंतली पोर हाय ना? मंग एकटीच का आनलीस?"

तेवढ्यात शाळेची बस आली. मुलं रांगेत उतरली आणि सई दिसताच रांग मोडून तिच्या नावाने ओरडत धावत सुटली. मला वाटलं, झालं, आता घेतील तिला.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" बाई कडाडल्या.

मुलं जागच्या जागी गप्प. तुमच्यामुळे शिस्त बिघडते, एवढं मला ऐकवून बाई सगळ्यांना जेटीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या. सईकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी वळले, तर सईनेही हाताची घडी घातली होती, तोंडावर बोट होतं. ते तिने रिक्षातही काढलं नाही.

दिवाळ्याची जेटी आता छान झाली आहे म्हणतात. जरूर जा. मी पुन्हा गेले नाही, आणि त्या बाईंवरचा माझा राग आजही तेवढाच आहे.

त्या दिवशी संध्याकाळी सईचे बाबा ऑफिसातून आले. त्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? होड्याबिड्या सगळं विसरून सई आनंदाने म्हणाली, "बाबा, मी सहलीला गेले. बाईंनी मला पण गप्प बसवलं."