सुंठेचा लेप

भाजी चिरताना बायकोने एकदम डोकं धरलं. "आयुष्यात असं दुखलं नव्हतं हो," म्हणाली आणि मी मोठ्या शहाणपणाने सहाणेवर सुंठ उगाळायला बसलो. लेप लावला, तिला उलटी झाली, तेव्हा कुठे मला रिक्षा आठवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम."

"हनुवटी छातीला लावा बघू."

मान अर्ध्यावरच अडली. बाईंनी तिला लगेच तपासणीला पळवलं. बाहेर मी सुंठेची बोटं बघत बसलो. इतकी वर्षं तिचं डोकं दुखतं आणि मी पेपरातून मान न काढता 'चहा घे' म्हणतो. आजचं दुखणं निराळं, हे मला कसं कळावं? तिने तर सांगितलं होतं.

मेंदूत रक्तस्राव होता, वेळेत सापडला. उपचार होऊन काही आठवड्यांनी घरी आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी सहाण नको, चप्पल शोधा."