मदतीला असते

कान इकडे कर गो सुमे. कोलाडच्या शाळेत बाई झालीस आणि मावशीला नुसतं फोनवर ‘येते, येते’ म्हणतेस, हे काय बरं नाय. पोरांना मुलाखती घ्यायला कसं शिकवू, विचारत होतीस ना? मग आमच्या थांबणाऱ्या बाईंचं ऐक.

गडबच्या शाळेतल्या या बाई. एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. “समोरच्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही,” पोरांना बजावायच्या. चौथीची पोरं घेऊन कधी टपाल कचेरीत जायच्या, कधी औषधांच्या दुकानात.

एकदा पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आल्या. पोरांनी मालकांना घेरलं. निघता निघता एका पोरीने मला विचारलं, “आजी, तुम्ही काय करता?” माझ्या हातात कुंचला, पुढ्यात एक डोळा आखलेला गणपती. तरी म्हटलं, “मी मदतीला असते.” आम्ही बायका तसंच सांगतो. बाईंना एसटी गाठायची होती. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

शाळेत मुलाखत वाचली तेव्हा तीच पोर म्हणाली, “बाई, डोळे तर आजी काढत होत्या. मग मदत कोण कुणाला करत होतं?”

रविवारी बाई त्या पोरीला घेऊन परत हजर. “मावशी, लाज वाटते मला. पोरांना सांगते काम विचारा, आणि मी मालक विचारून गेले.” मला तोंड कुठं लपवू असं झालं. उत्तर माझं चुकलं, आणि ओशाळत होत्या त्या.

पोरीने पुन्हा तेच विचारलं. मालक शेजारीच चहा पीत होते. “मी… मदती…” बाई गप्प. माझे कान तापले. शेवटी खाली बघत म्हटलं, “मी डोळे आखते.” चोरी कबूल केल्यागत वाटलं.

“आखतात की,” मालक म्हणाले. “मी कधी नाय म्हटलं?”

“व्हय तरी कधी म्हटलंत?” बोलून गेले, आणि पुन्हा शरमले.

पुढे बाईंची रोह्याला बदली झाली. निरोपाला आल्या, तर मी पोह्यांची पिशवी पुढे केली. बाई उभ्या राहिल्या, वाट बघत. माझ्याने ‘तुमच्यामुळं’ एवढंही म्हणवलं नाही. ते अजून सलतं.

आता त्या रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहतात, तुझ्यापासून जवळच. लवकर ये गो, दोघी जाऊ त्यांच्याकडे. डोळ्यांची आखणी सुरू झाली की मला मान वर करता येत नाही.