जांभळं पाणी

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी आमच्या खड्ड्याचं पाणी जांभळं झालं. भाट्याच्या खाडीकाठी आम्ही दोघी जावा नारळाची सोडणं खड्ड्यातल्या चिखलात पुरून कुजवायचो, मग बडवून काथ्या काढायचो आणि सुंभ वळायचो. नवरे दोघींचेही मुंबईला गिरणीत. घरात राज्य सासूबाईंचं. साहेबाचं राज्य त्यापुढे सौम्यच म्हणायचं.

त्या वर्षी भरतीचं पाणी आत येण्याची वाट गाळाने बुजली होती. शिमग्यानंतरच्या उन्हात खड्डा तापला, कुजक्या अंड्यांचा वास सुटला आणि एका सकाळी पाहतो तर कोकमाचं आगळ ओतल्यासारखं पाणी. आमच्याकडे समज असा, की विटाळशी बाई खड्ड्यात उतरली की पाण्याला असा रंग येतो. मग ती सोडणं घरात घ्यायची नाहीत, ओहोटीबरोबर सोडून द्यायची.

"खरा सांगा, कोण उतरली व्हती?" सासूबाईंनी अंगणात विचारलं.

उतरले होते मी. दोन दिवसांपूर्वी, सोडणं नरम झाली का ते चाचपायला. तीन दिवस बाजूला बसायचा मला कंटाळा, म्हणून लपवलं होतं. आणि नेमकी त्याच सकाळी मोठी जाऊ बाहेर बसली. हिने दोन दिवस चोरून काढले, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं. तिला मूलबाळ नव्हतं. खापर फोडायला त्यांना निमित्तच हवं होतं. माझ्या कडेवर मुलगा होता, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

जावेनं मात्र बघितलं. केवड्याआड वाळत घातलेली माझी फडकी तिनेच आदल्या दिवशी काढून ठेवली होती. "मी नाय उतरली," एवढंच ती म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. मीच घेईन म्हणून थांबली असावी. मी मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि, खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं.

तिला होडीत घालून माहेरी धाडलं. दिराने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. भावजयीच्या हाताखाली ती दोन पावसाळे टिकली, मग तापात गेली.

पुष्कळ वर्षांनी, कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलाने सांगितलं, की साचलेल्या, वास मारणाऱ्या पाण्यात ऊन पोचलं की डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. त्या घाणीतल्या गंधकावर आणि उन्हावर ते जगतात. रंग असतो तो त्यांचा.

"यात कुणाचा काही दोष नसतो, आई," तो म्हणाला.

पाण्याचं मला तेव्हा कळलं. पण ती उतरली नव्हती, हे मला अंगणात उभी असतानाच ठाऊक होतं.