बातमीतला स्टोव्ह

लोखंडी पेटीच्या तळाशी अंथरलेला जुना पेपर आज बदलायला काढला. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. नाव कुणा अनोळखी बाईचं.

त्या काळी ही बातमी दर आठवड्याला असायची आणि दोष नेहमी स्टोव्हचा असायचा. स्टोव्ह आमच्याही घरी होता. आईनं त्यावर वीस वर्षं स्वयंपाक केला. भडका उडायचा तो मात्र सुनांच्याच अंगावर. सासू भाजल्याची बातमी मी कधी वाचली नाही.

माझी मैत्रीण सुनंदा गेली तेव्हा तिचीही बातमी अशीच आली. त्याच्या महिनाभर आधी मी तिच्या सासरी जाऊन आले होते. ओट्यावर गॅसची शेगडी होती. चहा गाळता गाळता ती हळूच म्हणाली, "मला इथून घेऊन चल गं."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? सहा महिने काढ, रुळशील."

सुनंदाची बातमी आली त्या सकाळी वडिलांनी ती मोठ्यानं वाचली. आई म्हणाली, "स्टोव्हला पिन नीट मारली नसेल पोरीनं."

"आई, तिच्याकडे गॅस आहे," मी म्हटलं.

वडिलांनी पेपराची घडी घातली. "तुझं लग्न व्हायचंय अजून. हे बाहेर बोलायचं नाही."

मी बोलले नाही. माझं लग्न व्यवस्थित झालं. सुनंदाच्या सासरी स्टोव्ह नव्हता, हे चारचौघांत आज पहिल्यांदा सांगते आहे.