जावयाच्या नव्या गाडीत मी बसलो तो बसलोच

दिल्लीत सरोजिनी नगरला आमच्या क्वार्टरसमोर दोन लाल गाड्या उभ्या राहणार होत्या, आणि त्यांतली सरस कोणती हे मी सांगितल्याशिवाय ठरणार नाही, असं मला एकट्यालाच वाटत होतं.

दोन्ही गाड्या जावयाच्या. अनिरुद्धराव गुरुग्रामला डोळ्यांचे डॉक्टर. दुसऱ्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढतात आणि स्वतःच्या डोळ्यांत गाड्या भरून घेतात. त्यापण स्पोर्ट्स कार! म्हणजे किंमत फ्लॅटची आणि जागा दोघांची. जुनी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. आता त्याच गाडीचं पुढचं मॉडेल निघालं, ते त्यांनी घेतलं. जुनी दुसऱ्या दिवशी कंपनीवाले बदल्यात नेणार होते. त्याआधी दोघींना शेजारी शेजारी उभं करून बाबांना दाखवायचं, असं आमच्या मंजूने ठरवलं. मंजू म्हणजे मुलगी, अनिरुद्धरावांची बायको.

बाबांनाच का? तर मी चौथी शिकलेला असलो तरी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसला जन्मभर ड्रायव्हर होतो. मंत्री, सेक्रेटरी, मंत्र्यांच्या सासवा, सगळ्यांना वेळेवर स्टेशनवर पोचवलंय. गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही.

"जुनीच चांगली," मी सांगून टाकलं.

"बाबा, नवी अजून आली पण नाहीये!" आमची सून सविता म्हणाली.

"यायला कशाला पाहिजे? आजकालचं सगळं पत्र्याचं आणि बटणांचं."

"बिल्कुल जुनीच?"

"बिल्कुल!"

"आणि नवी सरस निघाली तर?"

"तर माझ्या स्कूटरची चावी तुझ्या हातात!"

बोललो आणि आमच्या हिने, म्हणजे मंजूच्या आईने, कपाळाला हात लावला. कारण सविता त्या चावीवर टपूनच होती. मागे एकदा मार्केटात माझी स्कूटर भाजीच्या ठेल्याला जराशी टेकली, तेव्हापासून घरात एकच धोशा, बाबा, स्कूटर सोडा, गुडघे बघा तुमचे. अहो, ठेला जागचा हललाही नव्हता! (कांदे हलले होते.)

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जुनी गाडी गुरगुरली. मंजू चालवत होती. आमच्या गल्लीत एक स्पीड ब्रेकर आहे. तो मीच भांडून करून घेतलाय, आणि मिस्त्रीच्या उरावर उभा राहून चांगला उंच करून घेतलाय. जुनी गाडी तिथे आली की दर वेळी तमाशा. गाडीचं पोट जमिनीला लागलेलं, त्यामुळे आधी फळ्या टाकायच्या, मग गाडी तिरकी घ्यायची, मग सगळ्यांनी श्वास रोखायचा. (एकदा फळी सापडेना, तेव्हा हिचं पोळपाट घातलं होतं. त्यानंतरच्या पोळ्या कुठल्याच नकाशात बसल्या नाहीत.) त्या दिवशीही फळ्या टाकल्या, तरी खर्रकन घासलीच.

"बघा," मी म्हटलं, "कसा आवाज आहे! याला म्हणतात गाडी!"

मागून नवी आली. म्हणजे आली असावी. मला काही ऐकूच आलं नाही.

"अनिरुद्धराव, बंद का केली? चालू करा की!"

"बाबा, चालूच आहे."

"कुठे चालू आहे?"

"बॅटरीवर आहे. इंजिन नंतर लागतं."

मी बॉनेटवर हात ठेवला. देवळात मूर्तीच्या पायावर ठेवतात तसा, अलगद. आत काही नाही! आणि तरी गाडी सरकत होती! मी दोन पावलं मागे झालो आणि ओरडलो, "थांबा, फळ्या आणतो!"

"नको, बाबा." त्यांनी आत कसलंसं बटण दाबलं, आणि... काय सांगू! गाडीने तोंड वर केलं! हत्तीने सोंड उचलावी तशी सावकाश, ऐटीत. माझा स्पीड ब्रेकर खालून गेला, गाडीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडे गेली आणि पुन्हा खाली बसली. माझ्या तोंडातून "अरे वा" निघणार होतं, मी ते खोकल्यात घातलं.

"काय, बाबा?" सविता.

"धूळ फार आहे."

मग दाराकडे गेलो, तर दाराला हँडलच नाही. "हे बघ," मी सविताला म्हटलं, "हँडल लावायला विसरलेत." एवढं बोलतोय तोच दाराच्या पत्र्यातून हँडल आपलं आपण बाहेर आलं. साहेब दिसल्यावर स्टुलावरचा शिपाई उठतो, तसं! इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी उठलं नव्हतं. मी विरघळलो. म्हटलं, एकदा बसून तर बघू.

आधी डोकं घातलं, मग खांदा, आणि मग उरलेला मी धप्पकन खाली पडलो. अनिरुद्धरावांनी काहीतरी दाबलं, तर सीटने मला दोन्ही बाजूंनी हळूच धरलं. समोर दिव्यांची आरास. स्टिअरिंग असं हातात आलं की जणू माझंच माप घेऊन केलंय. मी कोण, कुठला, सगळं विसरलो. मग आठवलं की पैज लागलीय, म्हणून उतरायला गेलो.

मी गेलो. गुडघे आले नाहीत.

पुन्हा जोर केला. कंबर म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. हात वर केले तर धरायला काही नाही. त्या सीटवरून उठायचं म्हणजे विहिरीच्या तळातून बाहेर यायचं!

"बाबा, उतरा ना," मंजू म्हणाली.

"थांब, निरीक्षण चाललंय."

सविताने चहा आणला. तो मी आतच घेतला. वरच्या मजल्यावरचे चड्ढाजी खाली आले आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "अंकल जी को नई गाड़ी इतनी पसंद आ गई कि उतर ही नहीं रहे!"

सविताचे डोळे चमकले. "मग नवी सरस ना, बाबा?"

आता माझी पंचाईत बघा! उतरता येत नाही म्हणावं, तर गुडघे गेले म्हणून स्कूटर जाणार. उतरावंसं वाटत नाही म्हणावं, तर पैज हरलो म्हणून स्कूटर जाणार. मी दुसरा चहा मागितला. पैज ही पहिली चूक, गाडीत बसणं दुसरी आणि ही तिसरी, कारण पहिला चहा आता बाहेर पडायची घाई करत होता, आणि तो माझ्याशिवाय पडू शकत नव्हता!

शेवटी अनिरुद्धराव दाराशी उकिडवे बसले आणि कुजबुजले, "बाबा, अडकलात?"

"मी? छे!"

"मी रोज अडकतो. आजूबाजूला पेशंट नाहीत हे बघून हातांवर उतरतो. पाय बाहेर काढा, वळा, हात जमिनीला टेका आणि रांगत या."

"चड्ढासमोर रांगू?"

"ते मी बघतो." आणि ते मोठ्याने म्हणाले, "बाबा अब गाड़ी नीचे से चेक करेंगे!"

मी रांगत बाहेर आलो आणि तसाच गाडीखाली बघायला लागलो. चड्ढाजी भारावून सगळ्यांना सांगत होते, "देखा? पुराना ड्राइवर है! हम लोग रंग देखते हैं, ये नीचे देखते हैं!"

आणि खरं सांगतो, खालूनही ती गाडी पाहण्यासारखी होती. कुठे तेल नाही, तार लोंबत नाही, घासलेल्या ताटासारखी सपाट, स्वच्छ. मी क्षणभर चहासुद्धा विसरलो.

मग हिच्या चपला शेजारी येऊन थांबल्या. "अहो, उठता येतंय का?" हिने हळूच विचारलं.

"जुनी घेतली तेव्हा तिच्यातून मी आपला आपण उतरलो होतो. म्हणून म्हणतो, जुनी चांगली!"

"तेव्हा गाडी जुनी नव्हती," ही म्हणाली, "आणि तुम्हीपण."

एका बाजूने ही, दुसऱ्या बाजूने जावई, असा मी उभा राहिलो. सविता समोर आली. "सांगा, बाबा. कोणती?"

जुनी म्हटलं असतं तर कोण काय करणार होतं? पैज मीच लावलेली, निकालही मीच देणार. शब्द जिभेवर होता. पण त्या नव्या गाडीकडे नजर गेली आणि खोटं बोलवेना. ड्रायव्हर माणूस आहे मी.

"नवी," मी म्हटलं. "फार सरस आहे." आणि खिशातली चावी काढून सविताच्या हातात ठेवली. (मग जे पळालो घरात! त्या वेळी गुडघ्यांनी बिल्कुल त्रास दिला नाही.)

दुसऱ्या दिवशी सविता स्कूटर घेऊन मार्केटला निघाली. म्हणाली, "चला बाबा, मागे बसा." बसलो. मार्केट आलं. ती म्हणाली, "उतरा."

मी पाय उचलून पाहिला. मग म्हटलं, "तू जा, भाजी घेऊन ये. मी स्कूटरकडे लक्ष ठेवतो. हल्ली चोर फार झालेत."