नानांनी मला चहा द्यायला बोलावलं

पुण्याची एसटी एरंडोल स्टँडावरून सुटली तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, खिडकीशी उभे राहून अनोळखी माणसांनाही सांगत होते, "मनी पोर चिनी शिकाले चालनी." आई रडत होती आणि नानांची छाती फुगली होती. गावाकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला ते आठवत असेल. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही कुणीतरी असं पोहोचवायला आलं असेल.

आधी चिनी शिकले, मग कोरियन. आता चाकणच्या कारखान्यांत मीटिंगा, मशीनचं ट्रेनिंग, कधीकधी भांडणंसुद्धा, दुभाषी म्हणून सगळं इकडचं तिकडे पोहोचवते. या कामात दोन्ही बाजूंचा विश्वास गेला की संपलंच. म्हणून नानांनी फोन केला तेव्हा मी स्वतःच नाही म्हटलं. आपली केळी घ्यायला एक कोरियन व्यापारी आणि त्याचा चिनी भागीदार येणार होते, दोन्ही भाषांचा चांगला दुभाषी हवा होता. घरच्याने घरच्यासाठी हे काम करू नये, असं सांगून मी मला शिकवणाऱ्या मॅडमचं नाव दिलं. "शहानी शे मनी पोर," नाना म्हणाले. मी फुशारून गेले.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. भाऊबंद जमतात, रोटांचा प्रसाद घरातल्या घरातच खातात. "एक दिन आधीच ये," नानांनी बजावलं होतं. गेले, तर ओसरीवर मॅडम आणि दोन पाहुणे. नानांनी मला स्वयंपाकघरातच गाठलं आणि चहाचा ट्रे हातात दिला. "तुले त्यासनी बोली येस, हाई सांगू नको. त्या आपसमां काय बोलतस ते ऐक आनि माले सांग. मॅडम तर तुनीच शे. घरनी पोर शे ना तू?"

देवीचं निमित्त करून बापाने मला कान लावून बसायला आणलं होतं. इतकं परकं मला पुण्यात पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं. ओसरीवर मला बघून मॅडमचा चेहरा पडला. मीही यात सामील आहे, असं त्यांना वाटलं असणार. चिनी पाहुणा कोरियन व्यापाऱ्याला चिनीत म्हणत होता, "माणूस सरळ दिसतो, ठरवून टाकू."

मी ट्रे खाली ठेवला आणि चिनीतच सांगितलं, "मी यांची मुलगी. मला तुमची भाषा समजते."

आपलं बोलणं ऐकायला मला आणलं होतं, हे ओळखून पाहुणे उठले. चहा तसाच राहिला आणि सौदाही. संध्याकाळी भाऊबंदांसमोर नाना मला घरभेदी म्हणाले. पाहुणे काय बोलले, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

घर म्हणजे आता आईचा फोन. तिच्या मागून नानांचा आवाज येतो, "तिले सांग, पानी चांगला पडना." आई मला सांगते, "पानी चांगला पडना, म्हनतस."

मला ते आधीच ऐकू आलेलं असतं. तरी आई सांगेपर्यंत मी थांबते.