काठावरचे सहा चौकोन

आईच्या वर्षश्राद्धाला वाटायला शंभर टॉवेल विणून घेतले आणि शंभरातल्या एकाही टॉवेलावर आईचं नाव नव्हतं. नावाच्या जागी सहा रिकामे चौकोन होते. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही सोलापूरचे विणकर, घरात तेलुगू बोलणारे. आई मराठी फाडफाड बोलायची, पण वाचता यायचं ते फक्त तेलुगू. सहीसुद्धा तेलुगूतच. म्हणून टॉवेलाच्या काठावर मराठीत ‘स्मरणार्थ’ आणि त्याखाली तेलुगूत तिचं नाव असं मी ठरवलं. मजकूर मोबाइलवर टाइप करून कारखान्याला पाठवला. मोबाइलवर अक्षरं काय सुरेख दिसत होती!

गठ्ठा घरी येताच उघडला आणि तशीच अक्कलकोट रोडला कारखान्यात जाऊन डिझाइन करणाऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, “आमाला बॉर्डर वाटली की मॅडम. टॉवेलला चौकडा असतोयच.”

वर मलाच समजावलं. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखाद्या भाषेची अक्षरं नसली, की सिस्टीम दुसऱ्या फॉन्टमधून गुपचूप उसनी आणते. माझ्या मोबाइलने तेच केलं होतं. यांच्या जुन्या कम्प्युटरात तेलुगूचा एकही फॉन्ट नव्हता, मग त्याने अक्षरागणिक एक चौकोन ठेवून दिला. ना विचारलं, ना सांगितलं. मराठी नीट, इंग्रजी नीट, फक्त माझ्या आईचीच भाषा नको झाली होती! ज्या गावात तेलुगू माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले, तिथल्या कारखान्यात ही तऱ्हा.

“अरे, पण तुला तरी कळायला नको?”

“मला तेलगू कुटं येतंय मॅडम?”

घरी आले ती धुसफुसतच. वडिलांपुढे कारखान्याचा, कम्प्युटरचा, सगळ्यांचा उद्धार केला. वडिलांनी टॉवेल मांडीवर पसरला. चाळीस वर्षं त्यांनी मागाची नक्षी हाताने काढली होती, ग्राफच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरत. मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू. गिऱ्हाईक सांगेल त्या लिपीत नाव.

चौकोनांवरून बोट फिरवत त्यांनी तेलुगूत विचारलं, “हे कुणी काढलं?”

“कम्प्युटरने.”

“मला का नाही सांगितलंस? तिचं नाव मी काढलं असतं.”

मी मजकूर टाइप करत होते तेव्हा ते समोरच बसले होते.